माती दूषित आहे की नाही, हे गांडुळाच्या ‘रिपोर्ट’वरून कसं कळतं?

जुलै २०२५ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने एक नवी नियमावली जाहीर केली. नाव जरा लांबलचक आहे : पर्यावरण संरक्षण (दूषित स्थळांचे व्यवस्थापन) नियम, २०२५. बातम्यांच्या गर्दीत तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. पण जिथे वर्षानुवर्षं घातक रासायनिक कचरा टाकला गेला, अशा जागा शोधायच्या कशा, तपासायच्या कुणी आणि साफसफाईचा खर्च कुणाकडून वसूल करायचा, हे या नियमांनी ठरवून दिलं. नियम आले तेव्हा देशात अशी १०३ ठिकाणं ओळखली गेली होती आणि त्यातल्या फक्त ७ ठिकाणी साफसफाईचं काम सुरू झालं होतं.

आता खरा प्रश्न असा, की एखादी जागा ‘दूषित’ आहे हे ठरवायचं कसं?

नियमांचं उत्तर सरळ आहे. मातीचे आणि पाण्याचे नमुने घ्या, यादीतली रसायनं मोजा, मर्यादेपेक्षा जास्त निघाली तर जागा दूषित. पण गेली २५-३० वर्षं काही शास्त्रज्ञ म्हणतायत, की रसायनं मोजाच, पण सोबत त्या मातीत राहणाऱ्या गांडुळालाही विचारा. गांडूळ बोलत नाही, पण त्याच्या शरीरातली साखर, अमिनो आम्लं आणि ऊर्जेचा हिशोब बरंच काही सांगून जातो. हा हिशोब वाचण्याच्या तंत्राला ‘मेटाबॉलिक प्रोफाइलिंग’ किंवा ‘मेटाबोलोमिक्स’ म्हणतात.

हे तंत्र नेमकं काय आहे, त्यातून आजवर काय सापडलं आणि आपल्याकडच्या नव्या नियमांशी त्याचा संबंध काय, ते समजून घेऊ.

सध्या माती तपासतात म्हणजे काय तपासतात?

आधी शेतातल्या मातीचं बघू. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेत मातीचे १२ घटक तपासले जातात. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. पिकाला काय कमी पडतंय आणि खत किती द्यायचं, हे सांगण्यासाठी ही पत्रिका आहे आणि त्या कामासाठी ती चांगली आहे. पण नीट पाहिलंत तर त्यात एकाही कीटकनाशकाचा रकाना नाही. शिसं नाही, कॅडमियम नाही. म्हणजे तुमची माती सुपीक आहे की नाही ते या पत्रिकेवरून कळतं, ती विषारी आहे की नाही ते कळत नाही.

दूषित जागांचं काम वेगळ्या वाटेनं चालतं. नव्या नियमांनुसार जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी संशयित जागांचा अहवाल द्यायचा. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने किंवा नेमलेल्या तज्ज्ञ संस्थेने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची आणि पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर पाहणी करून निर्णय द्यायचा. मोजायची कोणती रसायनं? तर २०१६ च्या घातक कचरा नियमांमधली. त्या यादीत १८९ रसायनं आहेत.

यादी मोठी वाटते, पण रसायनं मोजण्याच्या या पद्धतीत तीन मोठ्या फटी आहेत.

पहिली फट म्हणजे यादी स्वतः. जे यादीत नाही ते शोधलं जात नाही. शिवाय मातीत गेलेलं रसायन तसंच राहत नाही. ते मोडतं आणि त्यातून नवी रसायनं तयार होतात. एंडोसल्फान या कीटकनाशकाचं मातीत एंडोसल्फान सल्फेट होतं. तेही विषारीच, आणि मूळ रसायनापेक्षा जास्त काळ टिकणारं. फक्त मूळ रसायन मोजलं तर आकडा कमी आलेला दिसेल आणि विष मात्र मातीतच असेल.

दुसरी फट मिश्रणाची. खऱ्या जमिनीत एकच विष कधी नसतं. चार धातू, दोन कीटकनाशकं आणि थोडं तेल असं सगळं एकत्र असतं. प्रत्येकाचा आकडा मर्यादेच्या आत असू शकतो, पण सगळ्यांचा मिळून परिणाम काय होतो, हे त्या आकड्यांवरून कळत नाही.

तिसरी फट सगळ्यात कमी बोलली जाते. मातीत विष किती आहे आणि त्यातलं सजीवाच्या अंगात किती जाऊ शकतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बरीचशी रसायनं वर्षानुवर्षांत मातीच्या कणांना आणि सेंद्रिय पदार्थांना घट्ट चिकटून बसतात. प्रयोगशाळेतलं तीव्र आम्ल ती उकरून काढतं आणि आकडा मोठा येतो. पण जमिनीत राहणाऱ्या प्राण्याला त्यातला थोडाच भाग बाधतो. उलटंही होतं. माती आम्लधर्मी असेल तर धातू जास्त सुटे होतात आणि मध्यम आकडासुद्धा घातक ठरतो.

मग गांडूळच का?

कारण गांडूळ मातीपासून स्वतःला वाचवू शकत नाही. ते माती खातं, मातीतच राहतं आणि ओलसर कातडीतूनच श्वास घेतं. त्यामुळे मातीतलं विष दोन्ही वाटांनी आत जातं, तोंडातून आणि कातडीतून. ते फार लांब जात नाही, म्हणून त्याची अवस्था ही त्याच जागेची अवस्था असते. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, तसंच हे.

आणि गांडुळाचं महत्त्व काही फक्त ‘शेतकऱ्याचा मित्र’ या शाळेतल्या वाक्यापुरतं नाही. चार्ल्स डार्विनने १८८१ मध्ये आपलं शेवटचं पुस्तक गांडुळांवरच लिहिलं होतं. २०२३ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आलेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा, की जगातल्या तृणधान्य उत्पादनात सुमारे ६.५ टक्के वाटा गांडुळांमुळे येतो. कडधान्यं धरून हे वर्षाला १४ कोटी टनांच्या घरात जातं. म्हणजे गांडुळं आजारी पडली तर त्याची झळ ताटापर्यंत येते.

गांडुळांवर चाचण्या आधीही होत होत्याच ना?

होत होत्या, आजही होतात. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९८४ मध्ये एक प्रमाणित चाचणी ठरवली. ठरावीक प्रमाणात वाळू, चिकणमाती आणि पीट मिसळून कृत्रिम माती बनवायची, त्यात रसायन घालायचं, गांडुळं सोडायची आणि १४ दिवसांनी किती मेली ते मोजायचं. मग २००४ मध्ये दुसरी चाचणी आली. तीत प्रौढ गांडुळं चार आठवडे ठेवतात, मग काढून घेतात आणि आणखी चार आठवड्यांनी पिल्लं किती झाली ते मोजतात. या दोन्ही चाचण्या आयसेनिया फेटिडा आणि तिच्या जवळच्या जातीवर होतात. आपल्याकडे गांडूळ खताच्या बेडमध्ये जे लाल गांडूळ सोडतात, ते बहुतेक वेळा हेच.

पण यातली अडचण लक्षात घ्या. पहिली चाचणी मृत्यूच मोजते. दुसरी चांगली आहे, पण तिला आठ आठवडे लागतात आणि पिल्लं कमी का झाली, हे ती सांगत नाही.

माणसाच्या भाषेत सांगायचं तर मृत्युदाखल्यावरून शहराचं आरोग्य मोजण्यासारखं हे झालं. माणूस मरायच्या कितीतरी आधी त्याची साखर वाढलेली असते, यकृताचे आकडे बिघडलेले असतात. म्हणूनच डॉक्टर रक्त तपासायला सांगतात. मेटाबॉलिक प्रोफाइलिंग म्हणजे गांडुळाची अशीच ‘रक्ततपासणी’.

हे प्रोफाइलिंग म्हणजे नेमकं काय?

प्रत्येक सजीवाच्या पेशींमध्ये सतत रासायनिक घडामोडी सुरू असतात. अन्नातून साखर, साखरेतून ऊर्जा, अमिनो आम्लांतून प्रथिनं. यालाच आपण चयापचय म्हणतो. या घडामोडींत शेकडो छोटे रेणू तयार होतात आणि संपतात. ग्लुकोज, माल्टोज, अ‍ॅलॅनिन, ग्लायसिन, हिस्टिडिन, ग्लुटामेट, एटीपी ही त्यातली काही नावं.

प्राणी निरोगी असताना या रेणूंचं एकमेकांशी एक ठरावीक प्रमाण असतं. विष अंगात गेलं की शरीर त्याच्याशी झगडायला लागतं. ऊर्जा तिकडे वळते, साठवलेली साखर वापरली जाते, काही रेणू साचतात तर काही कमी होतात. गांडूळ बाहेरून ठणठणीत दिसत असलं तरी आतला हिशोब बदललेला असतो.

प्रोफाइलिंगमध्ये एकच रेणू शोधत बसत नाहीत. एकदम अनेक रेणू मोजतात आणि पूर्ण नक्षी बघतात. विष वेगळं असेल तर नक्षीही वेगळी येऊ शकते.

गांडुळाचा रिपोर्ट काढतात कसा?

गांडूळ ठरावीक काळ त्या मातीत ठेवतात, किंवा शेतातूनच गोळा करतात. मग ओल्या फिल्टर पेपरवर ठेवून त्याचं पोट रिकामं होऊ देतात, नाहीतर पोटातल्या मातीचाच रिपोर्ट यायचा. त्यानंतर त्याला द्रव नायट्रोजनमध्ये क्षणात गोठवतात. त्यामुळे चयापचय जिथल्या तिथे थांबतो. मग ते वाळवून त्याची पूड करतात आणि त्यातले रेणू एका द्रावणात उतरवून घेतात.

हे द्रावण एनएमआर यंत्रात जातं. दवाखान्यातल्या एमआरआयचं जे तत्त्व, तेच याचं. जोरदार चुंबकीय क्षेत्रात प्रत्येक रेणूतले हायड्रोजनचे अणू आपापल्या ठरलेल्या जागी सिग्नल देतात आणि त्यातून शिखरांचा एक आलेख तयार होतो. कोणतं शिखर कोणत्या रेणूचं, ते तज्ज्ञांना माहीत असतं. काही प्रयोगशाळा यासाठी मास स्पेक्ट्रोमीटर वापरतात. ते जास्त सूक्ष्म प्रमाणही पकडतं. शेवटी स्वच्छ मातीतल्या आणि संशयित मातीतल्या गांडुळांचे आलेख संख्याशास्त्राने ताडून बघतात.

आजवर काय सापडलं?

सुरुवातीचं बरंच काम ब्रिटनमध्ये झालं. १९९० च्या दशकातच असं दिसलं होतं, की तांब्याच्या संपर्कात आलेल्या गांडुळांच्या शरीरात हिस्टिडिन हे अमिनो आम्ल वाढतं. हिस्टिडिन तांब्याला पकडून ठेवतं, त्यामुळे या वाढीला अर्थ होता.

पण प्रयोगशाळेतलं निरीक्षण बाहेरच्या जमिनीवर टिकतं का? हा प्रश्न महत्त्वाचा होता, कारण बाहेर मातीचा प्रकार, ओलावा, अन्न असं सगळंच बदलतं. जेक बंडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या धातूंनी दूषित झालेल्या जागांवरून लुंब्रिकस रुबेलस जातीची गांडुळं गोळा केली. २००४ च्या त्यांच्या अभ्यासात माल्टोज ही साखर प्रदूषणाची संभाव्य खूण म्हणून पुढे आली. २००७ मध्ये त्यांनी दाखवलं, की चयापचयातल्या अशा खुणा एका जागेपुरत्या नसतात, वेगवेगळ्या दूषित जागांवरही त्या लागू पडतात.

ब्रिटनमधल्याच ब्रिस्टल शहराजवळच्या एव्हनमाउथची गोष्टही इथे सांगायला हवी. तिथे जस्त आणि शिसं गाळण्याचा मोठा कारखाना होता, तो २००३ मध्ये बंद झाला. त्याच्या आसपासच्या मातीत कॅडमियम, शिसं, तांबं, जस्त असं सगळंच होतं. माणसाच्या दृष्टीने कॅडमियम आणि शिसं जास्त बदनाम. पण डेव्हिड स्पर्जन आणि स्टीव्ह हॉपकिन यांच्या अभ्यासात गांडुळांच्या जिवावर मुख्यतः उठलं होतं ते जस्त. आणि प्रयोगशाळेतल्या मातीत जितक्या जस्ताने गांडुळांची वाट लागते, तितकं जस्त असलेल्या काही जागांवर बाहेर गांडुळं जिवंत सापडत होती. मघाशी सांगितलेली तिसरी फट ती हीच. आकडा तोच, पण माती बदलली की परिणाम बदलतो.

एंडोसल्फानचं काय?

कॅनडात टोरांटो विद्यापीठात मायर्ना सिम्पसन यांच्या गटाने कीटकनाशकांवर काम केलं. २००९ मध्ये त्यांनी डीडीटी आणि एंडोसल्फान यांचा गांडुळांवरचा परिणाम तपासला. मात्रा मुद्दाम इतकी कमी ठेवली होती, की गांडुळं मरणार नाहीत. तरीही आतला हिशोब बदललेला दिसला. अ‍ॅलॅनिन वाढलं होतं, आणि अ‍ॅलॅनिन व ग्लायसिन यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण धोक्याची खूण ठरू शकेल, असं पुढे आलं. त्यांच्या नंतरच्या प्रयोगांत ग्लुटामिन, ग्लुटामेट आणि गाबा या साखळीतही बदल दिसले.

ही साखळी मज्जासंस्थेशी जोडलेली आहे. एंडोसल्फान कीटकांना मारतं ते याच वाटेनं. गाबा हा मज्जातंतूंना ‘शांत हो’ असा निरोप देणारा रेणू, आणि एंडोसल्फान तो निरोप पोहोचूच देत नाही. म्हणजे गांडुळाच्या रिपोर्टवरून काहीतरी बिघडलंय एवढंच कळतं असं नाही, बिघाड कुठे आहे याचाही अंदाज येतो.

आपल्यासाठी एंडोसल्फान हे परकं नाव नाही. केरळच्या कासरगोड जिल्ह्यात सरकारी मालकीच्या काजूच्या बागांवर १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून २००० पर्यंत हेलिकॉप्टरमधून त्याची फवारणी होत होती. त्यानंतर तिथल्या गावांमधल्या जन्मजात व्यंगांच्या आणि मेंदूच्या आजारांच्या तक्रारींनी सगळा देश हादरला. १३ मे २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभर एंडोसल्फानवर बंदी घातली. त्याच वर्षी स्टॉकहोम करारानेही ते घातक रसायनांच्या यादीत घेतलं.

टोरांटोचे प्रयोग कासरगोडच्या मातीवर झालेले नाहीत, आणि गांडुळात जे दिसलं ते माणसात तसंच घडतं असाही त्याचा अर्थ नाही. पण या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की एक मुद्दा स्पष्ट होतो. कासरगोडमध्ये धोक्याची घंटा वाजली ती माणसं आजारी पडल्यावर. पुढची वर्षं आजाराचं कारण तेच का, या वादात गेली. मातीतल्या जिवांची अवस्था कुणी फवारणीच्या काळात तपासत असतं, तर निदान प्रश्न तरी लवकर विचारला गेला असता.

टोरांटोच्या गटाने पुढे पीएफओएसवरही असेच प्रयोग केले. हे ‘कायमचं रसायन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कुटुंबातलं. तिथेही गांडुळं जिवंत होती, पण एटीपीसारख्या ऊर्जेच्या रेणूंमध्ये फरक दिसला.

एवढं चांगलं आहे, तर सगळीकडे वापरत का नाहीत?

कारण अडचणीही खऱ्या आहेत.

एक, गांडुळाचा चयापचय फक्त विषामुळे बदलत नाही. उन्हाळा, उपासमार, ओलावा, वय, जात या सगळ्यांचा त्यावर परिणाम होतो. स्वच्छ मातीतलं निरोगी गांडूळ कसं असतं, याची नोंद आधी हवी. रक्ततपासणीच्या कागदावर शेजारी ‘नॉर्मल’ आकडे नसतील तर तुमचा आकडा काय सांगणार?

दोन, बदल दिसला म्हणजे इजा झालीच असं नाही. शरीर कधीकधी नुसतं जुळवून घेत असतं. कोणता बदल पुढे पिल्लं कमी होण्यापर्यंत जातो, हे जोडून दाखवावं लागतं.

तीन, खऱ्या मिश्रणात गांडूळ ‘त्रास होतोय’ हे नक्की सांगतं, पण ‘अमुक रसायनामुळेच होतोय’ हे प्रत्येक वेळी सांगू शकत नाही. त्यासाठी रसायनं मोजावीच लागतात. आणि न्यायालयात कुणाकडून भरपाई मागायची तर रसायनाचं नावच लागतं.

म्हणूनच हे तंत्र अजून मुख्यतः संशोधनाच्या पातळीवर आहे. ते रासायनिक तपासणीची जागा घेणार नाही. तिच्या जोडीला बसू शकतं.

भारतासाठी याचा अर्थ काय?

यंत्र ही आपली मुख्य अडचण नाही. एनएमआर महाग आहे, पण ते देशात आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तर त्याची राष्ट्रीय सुविधाच आहे. कमी आहे ती ‘नॉर्मल’ची नोंद. प्रमाणित चाचण्यांमधलं आयसेनिया मूळचं युरोपातलं आणि खताच्या ढिगात राहणारं. आपल्या शेतजमिनीत सापडणारं लॅम्पिटो मॉरिशीसारखं गांडूळ वेगळं, काळी माती वेगळी, पावसाळा-उन्हाळ्याचं चक्र वेगळं. ब्रिटनमध्ये सापडलेली माल्टोजची खूण इथे जशीच्या तशी उचलून चालणार नाही. स्वच्छ जमिनींवरची देशी गांडुळं वेगवेगळ्या ऋतूंत तपासून नोंद करणं, हे न टाळता येणारं पहिलं काम आहे. कृषी विद्यापीठांना ते जमण्यासारखं आहे.

युरोपीय संघाने २०२५ मध्ये माती निरीक्षणाचा कायदा मंजूर केला. त्यात मातीची रासायनिक बाजू तर आहेच, जैविक बाजूही बघायची आहे. आपल्या नियमांमध्ये मात्र सगळा भर रसायनांच्या मर्यादांवर आहे.

याचा सगळ्यात मोठा फरक पडतो तो साफसफाईनंतर. समजा, एखाद्या जागेवर काम पूर्ण झालं. यादीतल्या रसायनांचे आकडे मर्यादेखाली आले. कागदावर जागा स्वच्छ झाली. तिथे उद्या शेती होईल, घरं होतील, मुलं खेळतील. ती माती खरंच जगण्यालायक झाली का? याचं उत्तर द्यायला त्या मातीत गांडुळं सोडणं आणि महिन्याभराने त्यांचा रिपोर्ट स्वच्छ मातीतल्या गांडुळांशी ताडून बघणं, ही त्या कामाच्या मानाने छोटी अट आहे.

ओळखलेल्या १०३ जागांपैकी बहुतेक जागांवर अजून काम सुरूच व्हायचंय. म्हणजे ही अट घालायची वेळ अजून गेलेली नाही. तुमच्या जिल्ह्यातल्या एखाद्या जागेचं नाव संशयित यादीत आलं, तर ‘किती रसायन निघालं’ या प्रश्नासोबत ‘त्या मातीत जगतंय काय, आणि कसं’ हाही प्रश्न प्रदूषण नियंत्रण मंडळाला विचारायला हरकत नाही.